टाळी उजव्या पावलावर



‘हम होंगे कामयाब’ गायले नाही असा एकही कॅडेट आपल्या शाळेत सापडणार नाही. असेंब्लीत गायले, कॅम्पफायरला गायले, १५ ऑगस्टला गायले. गिरिजाकुमार माथुर यांनी हिंदीत आणलेले हे गाणे मूळचे ‘वी शॅल ओव्हरकम’. त्याची पाळेमुळे शोधत गेलो, तर आपण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जाऊन पोहोचतो. १९४५ साली साउथ कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात तंबाखूच्या कारखान्यातील कामगारांनी संप केला. त्यात कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. चर्चमध्ये गायले जाणारे गाणे त्यांनी संपाच्या वेळी गायले. पुढे तेच गाणे नागरी हक्कांच्या चळवळीचे गीत झाले आणि फिरत फिरत आपल्या असेंब्लीपर्यंत आले.

हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे, की गॉस्पेल ऐकतो असे म्हटले की आपल्याकडे दोनच प्रश्न येतात. पहिला, ‘झोप नाही येत?’ आणि दुसरा, ‘पण ती दुसऱ्या धर्माची गाणी ना?’ या दोन्ही प्रश्नांना मला उत्तर द्यायचे आहे.

पहिल्या प्रश्नामागे एक गोंधळ आहे. चर्चमध्ये गायले जाते ते सगळे गॉस्पेल, असे बऱ्याच जणांना वाटते. ‘अबाइड विथ मी’ आपल्या सर्वांना माहीत आहे. बीटिंग रिट्रीटच्या कार्यक्रमात सैन्याचे बँड ते अनेक वर्षे वाजवत असत. ते इंग्लंडमधल्या एका धर्मोपदेशकाने लिहिलेले स्तोत्र आहे. संथ, गंभीर आणि सुंदर, पण गॉस्पेल नव्हे. गुलामगिरीत राबणाऱ्या माणसांनी शेतात आणि प्रार्थनेत गायलेली जी गाणी पुढच्या पिढ्यांकडे आली, त्यांना स्पिरिच्युअल म्हणतात. गॉस्पेल त्यानंतरचे, शहरातले. गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान, आणि या संगीताचा मोठा कारखाना म्हणजे १९३० च्या दशकातले शिकागो.

तिथे थॉमस डॉर्सी नावाचा पियानोवादक होता. आधी तो ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवायचा. ब्लूज म्हणजे क्लबमधले, दुःखाचे आणि चेष्टामस्करीचेही संगीत. ब्लूजची ती चाल त्याने देवाच्या शब्दांना लावली. अनेक चर्चनी सुरुवातीला त्याची गाणी नाकारली, कारण त्यांना ती बाजारू वाटली. १९३२ साली तो कार्यक्रमासाठी सेंट लुईसला गेला असताना त्याची पत्नी बाळंतपणात वारली. बाळही वाचले नाही. त्या दुःखातून त्याने ‘टेक माय हँड, प्रेशियस लॉर्ड’ हे गाणे लिहिले. हे माहीत झाल्यावर ते गाणे ऐकताना झोप येत असेल, तर त्या माणसाला पहाटेच्या पीटीनंतर सुद्धा जाग येणार नाही!

आता माझ्या आवडीची तीन नावे सांगतो. रविवारी संगीत कक्षात मिळणारा एक तास मी बहुतेक यांच्यावरच खर्च करतो.

पहिले नाव महालिया जॅक्सन. न्यू ऑर्लिन्समध्ये १९११ साली जन्मलेली ही गायिका शिकागोला आली आणि गॉस्पेलचा सर्वांत मोठा आवाज ठरली. ब्लूज गाऊन तिला भरपूर पैसे मिळाले असते. ती गायली नाही, नाइट क्लबमध्येही गेली नाही. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या प्रसिद्ध भाषणाआधी ती गायली, आणि १९६८ मध्ये त्यांच्या अंत्यविधीला डॉर्सीचे तेच गाणे तिनेच गायले. १९७१ साली ती भारतात आली होती आणि मुंबईतही तिचा कार्यक्रम झाला होता. दिवाळीच्या सुट्टीत मी आईला तिचे एक गाणे ऐकवले. आईने आधी काळजीने विचारले होते, “अरे, तू तिकडे चर्चची गाणी म्हणतोस?” गाणे संपल्यावर म्हणाली, “शब्द नाही कळले रे, पण बाई मनापासून आळवतेय.” आळवणे! गॉस्पेलसाठी याहून चांगला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही.

दुसरे नाव सिस्टर रोझेटा थार्प. ही इलेक्ट्रिक गिटार वाजवत गॉस्पेल गायची, आणि तेही रॉक अँड रोल हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांसाठी व्ही-डिस्क नावाच्या खास तबकड्या निघत. त्यांतही तिची गाणी होती. १९६४ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर टीव्हीसाठी तिचा कार्यक्रम झाला. एका फलाटावर ती आणि समोरच्या फलाटावर श्रोते. पाऊस पडून गेला होता, आणि अंगात कोट घातलेल्या रोझेटाने गिटार गळ्यात अडकवून पावसाचेच गाणे सुरू केले. ज्यांना गॉस्पेल सुस्त वाटते त्यांनी ते चित्रीकरण एकदा पाहावे. ती चर्चमध्येही गायली आणि क्लबमध्येही, म्हणून चर्चमधले अनेक जण तिच्यावर नाराज झाले. माझे मत विचाराल तर महालिया आणि रोझेटा दोघीही बरोबर होत्या. एकीने गाणे जपले, दुसरीने ते दाराबाहेर नेले. गाण्याला दोन्ही लागते.

तिसरे नाव एडविन हॉकिन्स आणि त्याच्या गायकवृंदाचे ‘ओ हॅपी डे’. मूळ स्तोत्र अठराव्या शतकातले इंग्रजी. हॉकिन्सने त्याला नवा ठेका दिला. कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये तरुण मुलामुलींच्या गायकवृंदाने पैसे उभे करण्यासाठी ते ध्वनिमुद्रित केले. विकायची होती ती ओळखीपाळखीतच. पण रेडिओवर लागले आणि १९६९ मध्ये ते अमेरिकेच्या पॉप यादीत चौथ्या क्रमांकावर जाऊन बसले.

आता थोडे ठेक्याविषयी. ड्रिलमध्ये आपले डावे पाऊल एक आणि तीनवर पडते, मोठा ड्रमही तिथेच वाजतो. गॉस्पेलची टाळी बहुधा दोन आणि चारवर असते, म्हणजे आपल्या उजव्या पावलावर. म्हणूनच आपल्यासारख्यांची टाळी सुरुवातीला चुकते. माझा आयझॉलचा मित्र, ज्याच्या वहीत सुरांऐवजी ‘डो, रे, मी’ची अक्षरे लिहिलेली असतात, त्याने मला एक युक्ती शिकवली: मनात मार्च कर आणि टाळी फक्त उजव्यावर मार. दोन आठवड्यांत जमते.

दुसरी गोष्ट हाक आणि साद. एक जण ओळ उचलतो, बाकीचे उत्तर देतात. हे आपल्याला नवे नाही. कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी हेच करतात. मराठा लाइट इन्फंट्रीत एकाने ‘बोल छत्रपती शिवाजी महाराज की’ म्हटले की पलटण उत्तर देते, तेही हेच. आणि अमेरिकन सैनिक धावताना ज्या ओळी म्हणतात, त्यांची सुरुवात विली डकवर्थ या कृष्णवर्णीय सैनिकाशी जोडली जाते. १९४४ साली थकून परतणाऱ्या तुकडीची पावले एकत्र यावीत म्हणून त्याने हाक दिली आणि तुकडीने साद दिली. दमलेल्या माणसांना पुढे नेण्याची ही रीत आहे. कॅडेटला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता दुसरा आणि खरा प्रश्न. दुसऱ्या धर्माची गाणी आपण का म्हणायची?

यंदाच्या आंतर-हाऊस समूहगीत स्पर्धेसाठी आमच्या हाऊसने ‘ओ हॅपी डे’ निवडले होते. तीन आठवडे सराव झाला. मग सूचना आली, की गाणे ठेवा, पण येशूचे नाव असलेली ओळ काढा आणि फक्त ‘आनंदाचा दिवस’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणा. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. कोणाला वावगे वाटू नये, एवढीच त्यांची इच्छा. हाऊसमध्ये दोन गट पडले. शेवटी आम्ही दुसरे गाणे गायलो. निकालाविषयी माझी तक्रार नाही. पण ती सूचना मला पटलेली नाही, आणि का पटली नाही ते इथे लिहितो.

त्या गाण्यातली ती एक ओळ काढली, तर आनंद उरतो पण आनंदाचे कारण जाते. गाणारा इतका का खूश आहे हे कोणालाच कळणार नाही. उद्या कोणी म्हणाले, अभंग गा पण विठ्ठलाचे नाव काढून गा, तर आपल्याला कसे वाटेल? तुकोबांच्या अभंगातून विठ्ठल काढला तर तो सर्वांचा होत नाही, तो कोणाचाच राहत नाही.

इतिहासातले एक उदाहरण देतो. फेब्रुवारी १९३६ मध्ये हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक, त्यांची पत्नी आणि सहकारी गांधीजींना बारडोलीत भेटले. निघण्यापूर्वी गांधीजींनी त्यांना स्वतःहून एक स्पिरिच्युअल गायला सांगितले. ते गाणे येशूला क्रुसावर चढवल्याविषयीचे होते. गांधीजी हिंदू होते, ते तसेच राहिले. देवाचे नाव बदलून गा असे ते म्हणाले नाहीत.

आणि आपल्या सैन्याचे काय? शीख पलटणीतला हिंदू किंवा ख्रिस्ती अधिकारी आपल्या जवानांबरोबर गुरुद्वारात जातो, डोके झाकतो, अरदासला उभा राहतो. कित्येक ठिकाणी एकाच छपराखाली सर्वधर्मस्थळ असते. तिथे कोणी दुसऱ्याच्या प्रार्थनेतले शब्द खोडत नाही. आपण शेजारी उभे राहतो. शेजारी उभे राहणे आणि शब्द पुसून टाकणे यांतला फरक आपण आत्ताच, शाळेत, शिकायला हवा. उद्या आपल्या हाताखालचे जवान वेगवेगळ्या घरांतून येणार आहेत.

यावर एक योग्य आक्षेप आहे. एखाद्या मुलाला किंवा त्याच्या पालकांना ते शब्द उच्चारायचे नसतील तर? तर त्याला गायला लावू नये. त्याला पियानो द्या, ढोल द्या, किंवा दुसऱ्या कार्यक्रमात घ्या. सक्ती करून गायलेले भजन काय आणि गॉस्पेल काय, दोन्ही पोकळच. पण एकाला नको म्हणून सर्वांसाठी गाणे अर्धे करणे हा उपाय नव्हे. मग ते गाणे निवडूच नये.

उलट बाजूही सांगतो. नाताळ आला की झगे घालून, अमेरिकन उच्चारांची नक्कल करत, हात वर करून गाणे मलाही आवडत नाही. ते गॉस्पेल नव्हे, ती वेशभूषा स्पर्धा. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १८७१ मध्ये गायकवृंद काढून गावोगाव दौरा केला, कारण त्यांची शाळा पैशांअभावी बंद पडायला आली होती. त्यांतले काही जण स्वतः गुलामगिरीत जन्मले होते. त्यांनी आपल्या आईवडिलांची गाणी गायली आणि शाळा वाचवली. ज्याला ही गाणी म्हणायची आहेत, त्याने निदान एवढे माहीत करून घ्यावे. हात वर करणे नंतर.

आणि परक्या चालीची भीती बाळगू नये. आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, पण त्यांनी आपली भक्ती अभंगाच्या वळणाने गायली. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गातात. डॉर्सीने शिकागोत ब्लूजच्या चालीने जे केले, तेच टिळकांनी अहमदनगरकडे अभंगाच्या चालीने केले. माणूस देवाशी बोलतो तेव्हा आपल्या घरच्या सुरात बोलतो. तो सूर ओळखता आला, की शब्द परके राहत नाहीत.

म्हणून पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी माझ्या तीन नम्र सूचना आहेत. एक, कोणतेही भक्तिगीत, मग ते भजन असो, कव्वाली असो, शबद असो की गॉस्पेल, शब्द न बदलता गायला परवानगी असावी. दोन, गाण्याआधी एका कॅडेटने ते कोणाचे आणि कोणत्या परिस्थितीतले, हे एका मिनिटात सांगावे. आणि तीन, समूहगीतात सावधान उभे राहिल्याबद्दल जे गुण मिळतात, ते गॉस्पेल गाणाऱ्यांना लावू नयेत. सावधानमध्ये टाळी वाजवता येत नाही.

जय हिंद.