सहा गठ्ठे आणि सातवा ढीग

2024 च्या विधानसभा निवडणुकीत पनवेल मतदारसंघात साडेसहा लाखांच्या घरात मतदार होते. त्याआधी 2019 मध्ये तर मतदारसंख्येत राज्यात पहिला नंबर पनवेलचाच होता. खारघरचे टॉवर, कामोठ्याची दाट वस्ती, कळंबोलीचा लोखंडबाजार, तळोज्याचे कारखाने, जुनं पनवेल आणि आजूबाजूची खेडी, असा हा पसारा. तरी मतदान एका दिवसात उरकतं आणि निकालही मोजणीच्या दिवशीच लागतो.

हे जमतं, कारण काम हातात येण्याआधीच त्याचे तुकडे पाडलेले असतात. एका मतदान केंद्रावर किती मतदार असावेत याला मर्यादा आहे. पूर्वी ती दीड हजार होती, 2025 पासून निवडणूक आयोगाने ती बाराशेवर आणली. केंद्रावर एक केंद्राध्यक्ष आणि साधारण तीन मतदान अधिकारी. एक जण यादीत नाव शोधतो, दुसरा नोंदवहीत सही घेऊन बोटाला शाई लावतो, तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करून देतो. आठ-दहा केंद्रांवर मिळून एक क्षेत्रीय अधिकारी. आपल्या वाट्याला किती आलं आणि ते कधी संपणार, हे प्रत्येकाला सकाळीच ठाऊक असतं.

मोजणी तर याहून शिस्तीची. एका दालनात साधारणपणे चौदा टेबलं. प्रत्येक टेबलावर पर्यवेक्षक, सहायक आणि सूक्ष्म निरीक्षक. चौदा यंत्रं आली, आकडे वाचले, केंद्रावर भरलेल्या मतांच्या हिशेबाशी, म्हणजे 17 सी नमुन्याशी, ताडले, सह्या झाल्या, बेरीज फळ्यावर चढली की फेरी संपली. हातातली फेरी मिटल्याशिवाय पुढची हाती घ्यायची नाही, हा सगळा खेळ त्यावर आहे. पनवेलमध्ये मतदान केंद्रंच पाचशेहून अधिक. चौदाच टेबलं ठेवली तर पस्तीसहून जास्त फेऱ्या होतील. म्हणून अशा अवाढव्य मतदारसंघांत आयोगाच्या परवानगीने टेबलं वाढवतात. हात वाढले, तरी फेरीचा नियम तोच राहतो.

आता गंमत अशी, की ही कामगिरी करणारी माणसं कुठून बाहेरून येत नाहीत. जिल्हा परिषदेचे शिक्षक, महापालिकेतले कारकून, तहसीलमधले अव्वल कारकून, तलाठी (2024 पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) हीच ती माणसं. निवडणुकीची ड्युटी संपवून हीच मंडळी आपल्या टेबलावर परततात आणि तिथे पुन्हा ढीग. वारस नोंद, नावातली दुरुस्ती, नळजोडणीचा अर्ज, अतिक्रमणाची तक्रार, माहिती अधिकाराचं पत्र, विधानसभेच्या प्रश्नाचं तातडीचं उत्तर, सगळं एकावर एक. त्यातलं वरचं आधी किंवा ओरडणाऱ्याचं आधी. तेव्हा दोष माणसांच्या आळसात शोधण्यापेक्षा काम कसं वाटलं जातं ते पाहणं अधिक उपयोगाचं.

सरकारी ढिगावरचा उपाय महाराष्ट्रात चार दशकांपूर्वीच निघाला आहे. अनिलकुमार लखीना अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना 1980 च्या दशकात त्यांनी तिथल्या कार्यालयाची जी फेररचना केली, तिला पुढे ‘लखीना पॅटर्न’ म्हणू लागले. त्यातली सहा गठ्ठ्यांची पद्धत आजही राज्यातल्या कार्यालयीन तपासणीत विचारली जाते. एक गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा, म्हणजे ज्यावर आपणच काहीतरी करायचं आहे. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे आपण पत्र पाठवलं आहे आणि समोरून उत्तर यायचं आहे. मग नियतकालिकं, म्हणजे ठरलेल्या तारखांना जाणारे अहवाल. स्थायी आदेशांची संचिका. अभिलेख कक्षात पाठवायची कागदपत्रं. आणि शेवटचा, नष्ट करायच्या कागदांचा. कोणता कागद किती जपायचा तेही ठरलेलं: ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-1’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष.

या वाटणीतली हुशारी चटकन लक्षात येत नाही. आपण सहसा कामं विषयाने लावतो: पाण्याची इकडे, कराची तिकडे, रस्त्यांची पलीकडे. सहा गठ्ठ्यांत विषयाला स्थान नाही. या कागदाचं पुढे काय व्हायचं आहे आणि ते कोणाच्या हातात आहे, एवढाच प्रश्न. त्यामुळे टेबलावरचे शंभर कागद दिसायला शंभर असले तरी आज हात लावायचे त्यातले मोजकेच निघतात. बाकीचे थांबलेले, पाठवायचे किंवा फाडायचे. छाती दडपते ती शंभराच्या आकड्याने, आणि तो आकडा बहुतेक वेळा फसवा असतो.

पनवेल महापालिकेला याची गरज इतरांपेक्षा अंमळ जास्तच आहे. 1 ऑक्टोबर 2016 रोजी जुनी नगर परिषद, सिडकोच्या वसाहती आणि 29 गावं एकत्र करून ही महापालिका झाली. खारघर, कळंबोली, कामोठे आणि पनवेल अशी चार प्रभाग कार्यालयं उघडली. नागरिकाला जवळचं कार्यालय मिळालं, ते चांगलंच झालं. पण नकाशावर रेघा ओढल्याने एका ढिगाचे चार ढीग होतात, कामाची वर्गवारी होत नाही.

मालमत्ता कराचंच घ्या. 2021 मध्ये सिडको वसाहतींतल्या रहिवाशांच्या हातात बिलं पडली ती 2016 पासूनच्या मागील करासह. सिडकोला सेवाशुल्क भरत होतो, मग त्याच वर्षांचा कर पुन्हा का, असा सवाल उठला, हरकती आल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. या हरकतींकडे लखीनांच्या नजरेने पाहिलं तर त्या एका जातीच्या नाहीत. मागील कराचा वाद न्यायालयाच्या आणि धोरणाच्या अखत्यारीतला. प्रभागातला कारकून त्यावर काहीही करू शकत नाही. क्षेत्रफळ चुकलं असेल तर जागेवर जाऊन मोजणी हवी. आणि बिलावर आधीच्या मालकाचं नाव असेल तर कागद पाहून त्याच टेबलावर काम व्हायला हवं. तिघांना एकाच रांगेत उभं केलं, की नाव बदलायला आलेला माणूस न्यायालयाच्या तारखेमागे ताटकळत बसतो.

प्रतीक्षाधीन गठ्ठ्याकडे पनवेलकरांनी विशेष लक्ष ठेवायला हवं. इथे पाणी कुठे सिडकोकडून, कुठे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून, तर जुन्या पनवेलला देहरंग धरणाचंही. रस्त्यांतही महापालिका, सिडको, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि राष्ट्रीय महामार्ग अशा वाटण्या. त्यामुळे ‘संबंधितांना कळवले आहे’ हे उत्तर इथे खोटं नसतं. पण कळवलं की कागद दुसऱ्या गठ्ठ्यात जातो आणि तिथे तो निवांत पडून राहू शकतो. सहा गठ्ठ्यांच्या पद्धतीत त्यावरही तोड आहे: प्रतीक्षाधीन गठ्ठा ठराविक दिवसांनी उघडायचा आणि स्मरणपत्र धाडायचं. गठ्ठा बांधणं सोपं असतं. तो पुन्हा सोडणं हे खरं काम.

2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने कोणती सेवा किती दिवसांत मिळावी याच्या मुदती बांधून दिल्या. नागरिकाच्या बाजूने हे पाऊल मोलाचं होतं. मात्र एका कर्मचाऱ्याकडे एका वेळी किती प्रकरणं असावीत, हे तिथे कोणी बांधलेलं नाही. मतदान केंद्राला बाराशेची मर्यादा आहे, टेबलाला नाही.

त्यात आता संगणक. ई-ऑफिस आल्यापासून फाइल हरवणं कमी होईल आणि ती कुठे अडली ते दिसेल, ही अपेक्षा रास्त आहे. पण कपाटावर धूळ खात पडलेले गठ्ठे निदान आल्या-गेल्याला दिसायचे. लॉगिनच्या आत साचलेला सातवा ढीग साहेबांखेरीज कोणाला दिसत नाही, आणि साहेबांनाही त्यांनी पाहिला तरच.

म्हणून पनवेलपुरतं एक करून बघावं. 2025 मध्ये राज्य सरकारच्या शंभर दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा कार्यक्रमात पनवेल महापालिकेने 79.43 गुण मिळवून राज्यातल्या महापालिकांत तिसरं स्थान पटकावलं, नवी मुंबईच्या बरोबरीने. म्हणजे मनावर घेतलं तर या यंत्रणेला जमतं. 2022 पासून प्रशासकाच्या हाती असलेला कारभार 15 जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर पुन्हा नगरसेवकांपुढे आला आहे. 78 नगरसेवकांनी सर्वसाधारण सभेत नव्या कमानी आणि सुशोभीकरणाआधी एवढंच मागावं: प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या दर्शनी फळ्यावर महिन्याच्या पहिल्या तारखेला तीन आकडे. आमच्याकडे प्रलंबित किती, दुसऱ्यांच्या उत्तरासाठी थांबलेली किती, आणि त्यातली तीन महिन्यांहून जुनी किती. याला निविदा काढावी लागत नाही की सल्लागार नेमावा लागत नाही. खडू आणि फळा पुरतो. पहिल्या महिन्यात आकडे लाजिरवाणे असतील, कदाचित खोटेही असतील. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते ताडून पाहणारे पनवेलकर पुढे येतील, कारण ज्याचा अर्ज त्या आकड्यात आहे त्याला तो नेमका ठाऊक असतो.