हसतंय कोण, कुणाला?



चळवळीतल्या बायकांना विनोद कळत नाही, हा आपल्यावरचा जुना आरोप. लग्नघरात, कचेरीत, एस.टी.त कुणीतरी बायकोवर विनोद करतं, सगळे हसतात, आपण हसत नाही आणि मग 'तुम्ही फारच बाई गंभीर' हे ऐकून घेतो. माझं म्हणणं असं, की विनोद आपल्याला कळतो. तो कुणी लिहिलाय आणि कुणाच्या जिवावर, हेही जरा लवकरच कळतं.

मराठी रंगभूमीवर हसवणारी बाई पुष्कळदा बाई नसतेच. गौळणीतली मावशी पुरुष. अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'तली मावशीही पुरुष, आणि विजय चव्हाणांनी ती काय ताकदीने उभी केली हे मी सांगायला नको. २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'मधून साडी नेसलेले पुरुष घराघरांत पोचले. पुरुषाने साडी नेसण्याला माझी हरकत नाही. बालगंधर्वांनी नेसली तेव्हा घरंदाज बायकांनी त्यांचं पाहून आपली नेसण्याची ढब बदलली. शिवाय जन्मतः 'मुलगा' म्हटल्या गेलेल्या कितीतरी जणींना साडीतच आपण आपण वाटतो. त्यांच्याकडे बोट दाखवून हसणं तर आपल्या बैठकीतही खपता कामा नये. माझा प्रश्न हशाचा आहे. पदर खोचला, कंबर हलवली, आवाज चिरका काढला की हशा येतो. अजून एकही विनोद झालेला नसतो! बाई असणं हाच विनोद. ती जाड असेल तर दुप्पट, काळी असेल तर तिप्पट. आणि ती धुणीभांडी करणारी असेल तर लेखकाला संवाद लिहायचेही कष्ट नकोत, तिची बोलीच पुरते.

आता आपली पथनाट्यं आठवा. ओढणीचा फेटा, काजळाची मिशी, आणि वस्तीतल्या चौकात आपल्यातलीच एक जण दारुडा नवरा होते, सासरा होते, फौजदार होते. तिथेही हशा पिकतो, पण तो मिशीला नसतो. तक्रार लिहून घेण्याआधी फौजदार खुर्चीत कसा रेलतो, 'घरचं भांडण घरात मिटवा' म्हणताना पेन कसं खाली ठेवतो, हे पुढे बसलेल्या बाईने स्वतः पाहिलेलं असतं. ती ओळखते म्हणून हसते. मागे उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला मात्र हसावं की निघावं ते कळत नाही. हा हशा आपण कमावलेला आहे, आणि त्याची आपल्यालाच पुरेशी किंमत नाही असं मला वाटतं. पथनाट्य म्हणजे मोर्चाआधी गर्दी जमवायची सोय, अशी आपली समजूत झाली आहे.

स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' उभं केलं, ते गाण्यांसकट आणि थट्टेसकट. गावोगावच्या बायकांना ते आपलं वाटलं. १९८९ मध्ये सुषमा देशपांडे 'व्हय, मी सावित्रीबाई' घेऊन एकट्या उभ्या राहिल्या. २००९ मध्ये वंदना खरेंनी ईव्ह एन्सलरच्या नाटकावरून 'योनिमनीच्या गुजगोष्टी' मराठीत आणल्या. जो शब्द उच्चारायचीच चोरी, तो रंगमंचावरून ऐकताना बायका आधी दचकतात, मग शेजारणीकडे बघतात आणि मग हसतात. त्या हसण्यातून जे मोकळं होतं ते दहा शिबिरांतून होत नाही, हे मी जबाबदारीने लिहिते आहे.

प्रायोगिक रंगभूमी बायकांवाचून उभी राहिली असंही नाही. 'रंगायन'मागे विजया मेहता होत्या, 'आविष्कार'मागे सुलभा देशपांडे. पण लेखणी? 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारे सुलभाताईंनी अजरामर केली, लिहिली तेंडुलकरांनी. थोर नाटक, वादच नाही. तरी बेणारे एखाद्या बाईने लिहिली असती तर कोर्टाला हसली असती का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. हिराबाई पेडणेकरांनी १९०४ मध्ये 'जयद्रथ विडंबन' लिहिलं, १९१२ मध्ये 'संगीत दामिनी'. आज त्यांचं नाव निघतं ते बहुधा कानेटकरांच्या 'कस्तुरीमृग'मुळे. त्या कलावंतिणींच्या घरातल्या होत्या, हेही त्या विस्मरणामागे आहेच. आपल्याही नाटकांच्या याद्या करताना तमाशाच्या फडात आयुष्य काढलेल्या, हजरजबाबीपणावर फड तोलून धरणाऱ्या बायका आपल्याला 'लोककला' ह्या वेगळ्या खणात ठेवाव्याशा का वाटतात?

तालमीचं गणित तर साधं आहे. प्रायोगिक नाटकात पैसा नाही, म्हणून सगळे दिवसा नोकरी करतात आणि रात्री सात ते दहा-अकरा तालीम. पोर सांभाळायला कुणी असेल आणि शेवटच्या गाडीने एकटीने जाणं घरी चालत असेल, तीच बाई तालमीला टिकते. बाकीच्या 'लग्नानंतर सोडलं' म्हणतात आणि कुणी पुढे विचारत नाही.

हल्ली मुली हातात माइक घेऊन एकट्या विनोद करायला उभ्या राहतात. त्यांना ना नेपथ्य लागतं ना लेखक. पण २०२० च्या जुलैमध्ये काय झालं ते विसरू नका. अग्रिमा जोशुआच्या एका जुन्या विनोदावरून गदारोळ झाला, कार्यक्रम झाला होता त्या जागेची मोडतोड झाली, तिने माफी मागितली. विनोद आवडणं न आवडणं ज्याचं त्याचं. मात्र उत्तर म्हणून तिला बलात्काराच्या धमक्या आल्या आणि त्यापायी बडोद्याच्या एका माणसाला अटक झाली. विनोद फसलेल्या पुरुषाला शिव्या मिळतात, मारही मिळतो. बाईला काय मिळणार ते आधीच ठरलेलं असतं. अशा वेळी आपल्या संघटनांनी 'तो काही आपला विषय नाही' म्हणून गप्प बसणं मला पटत नाही. तिचा विनोद आपल्याला पटलाच पाहिजे, अशी काही त्यात अट नाही.

पुढचा अंक पथनाट्यांच्या संहितांचा करायचा आहे. तुमच्या कपाटातल्या वह्या, अर्धवट पानं, पाठ असलेली गाणी, जे असेल ते पाठवा. 'सामूहिक लेखन' एवढंच लिहू नका. गाणं कुणी रचलं, फौजदार कुणी केला, ती नावं लिहा. आणि प्रेक्षक नेमके कुठे हसले, ते समासात टिपून ठेवलेलं असेल तर खोडू नका.