दस्तरखान : दमावरचा चीज-पास्ता

रमजान आला की मुली मोबाईलवर पाहून इफ्तारला चीज भरलेला पास्ता मागतात. आईपुढे दोन प्रश्न असतात. घरात ओव्हन नाही, आणि ते चीज हलाल आहे का? दुसरा प्रश्न आधी घेऊ.

चीजसाठी दूध गोठवायला रेनेट लागते. ते मुळात दूधपित्या वासराच्या पोटातून काढतात. जबह न केलेल्या जनावराचे रेनेट इमाम अबू हनीफा यांनी पाक मानले, इमाम शाफई यांनी नाही. आपल्याला त्या वादात पडायची गरज नाही. आपल्याकडे हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये प्राण्याचे रेनेट चालत नाही. परदेशातून कोणी पार्मेजान आणले तर मात्र सांभाळून, इटलीतले अस्सल पार्मेजान वासराच्या रेनेटनेच करतात. आणि हिरवा ठिपका दारूबद्दल काहीच सांगत नाही. इटालियन सॉसमध्ये वाइन घालायची रीत आहे, तेव्हा तयार बाटलीवरची बारीक अक्षरे वाचा. त्यापेक्षा सॉस घरीच करावा.

पदार्थ वाटतो तितका परका नाही. अल-इद्रीसी यांनी ११५४ च्या आपल्या भूगोलग्रंथात लिहिले आहे की सिसिलीतल्या त्राबिया गावी ‘इत्रिया’ बनते आणि जहाजांनी मुस्लिम व ख्रिस्ती मुलखांत जाते. इत्रिया म्हणजे आपल्या शेवयांची बहीणच. शेवयांचा बन्सी गहूही पास्त्याच्याच कडक गव्हाच्या जातीचा.

भरायचा मोठा पास्ता हिंगोली-कळमनुरीकडे सहसा मिळत नाही, म्हणून पट्ट्या घरीच लाटू. एक वाटी बारीक रवा, एक वाटी कणीक, मीठ आणि चमचाभर तेल घालून घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा. चपातीहून पातळ लाटून चार बोटे रुंद चौकोन कापा. उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन मिनिटे शिजवा, गार पाण्यात टाका, मग कापडावर पसरा.

एक लिटर म्हशीचे दूध लिंबाने फाडून पनीर करा. ते कुस्करून त्यात अर्धी वाटी कोथिंबीर, मूठभर मेथी, थोडा पुदिना, ठेचलेला लसूण, मिरपूड आणि किसलेला चीजचा एक क्यूब मिसळा. आपला जिल्हा हळदीचा, हात आपोआप डब्याकडे जातो. पण इथे हळद नको, पुदिन्याची चव मरते. प्रत्येक चौकोनावर चमचाभर सारण ठेवून गुंडाळी करा.

सहा टोमॅटो, एक कांदा आणि लसूण शिजवून वाटा. सॉस पातळच ठेवा, पट्ट्या तो पितात. पसरट पातेल्यात थोडा सॉस, वर गुंडाळ्या, पुन्हा सॉस आणि शेवटी चीजचे दोन क्यूब किसून.

आता ओव्हनचे. कुकरची रबर व शिटी काढा, तळाशी मीठ पसरा, वर जाळी ठेवून दहा मिनिटे तापवा. पातेले आत ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे. वरून तांबूस हवे असेल तर बिर्याणीच्या दमासारखे पातेल्यावर झाकण ठेवून त्यावर निखारे ठेवा. घरात चूल असेल तर हाच उपाय उत्तम. उतरवल्यावर दहा मिनिटे तसेच राहू द्या, नाहीतर वाढताना गुंडाळ्या फुटतात. अजानच्या पाऊण तास आधी चढवले की मगरिबच्या नमाजनंतर गरम वाढता येते.