फॉरमॅट करू का?

गेल्या महिन्यात भावजय घरी आली, ती पिशवीत माझ्या धाकट्या भावाची एक्स्टर्नल हार्डडिस्क घेऊन. भाऊ जाऊन वर्ष झालं. "वन्सं, तुमच्या कॉम्प्युटरवर बघा ना काय आहे यात. सासूबाईंच्या ओव्या यातच ठेवल्यात, असं हे म्हणायचे."

आईला समोर बसवून भावाने २००८ साली तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. आई २०११ साली गेली. म्हणजे त्या तळहाताएवढ्या डबीत आमच्यासाठी काय होतं, ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

केबल लावली. विंडोजने लगेच एक चौकट दाखवली. मराठीत सांगायचं तर, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करू का?' मला नेमका अर्थ कळेना, म्हणून जवळच्या एका दुकानात गेले. तिथला मुलगा म्हणाला, "आजी, डिस्क चांगली आहे, फक्त फॉरमॅट मागतेय. हो म्हटलं की झालं काम." मी विचारलं, "आणि आतलं?" "आत काही दिसतच नाहीये ना!"

तो मुलगा लबाड मुळीच नव्हता. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना डिस्क चालू झाली की पुरे असतं. पण त्याच्या 'दिसत नाहीये'वर मी अडले आणि डिस्क घेऊन घरी आले. रात्री बंगळूरला भाच्याला फोन केला. तो जवळजवळ ओरडलाच, "आत्या, थांब! काही दाबू नकोस. बाबा लिनक्स वापरायचे."

मग त्याने जे समजावलं, ते माझ्या भाषेत सांगते. शाळेत इंग्रजीला चाररेघी वही आणि गणिताला चौकटीची. डिस्कवरही लिहिण्याआधी अशीच आखणी करावी लागते, ते म्हणजे फॉरमॅट करणं. विंडोजची आखणी एनटीएफएस, मॅकची एपीएफएस आणि लिनक्सची बहुतेक वेळा ईएक्सटी४. विंडोजला ही शेवटची आखणी आपणहून वाचता येत नाही. आणि माउंट करणं म्हणजे पटावर नाव घेणं. मुलगा वर्गात येऊन बसला तरी पटावर नाव नसेल, तर हजेरीत त्याला कोण पुकारणार? भावाची डिस्क वर्गात बसलेली होती, पण पटावर नव्हती.

चार दिवसांनी भाच्याने कुरिअरने एक पेनड्राइव्ह पाठवला, त्यात उबुंटू होतं. कॉम्प्युटर त्यावरून सुरू केला, म्हणजे आतल्या विंडोजला हात न लावता लिनक्स चालू झालं. त्याच्या सांगण्याप्रमाणे डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट केली, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाऊ नये. आणि फोल्डरची रांग समोर उभी राहिली. भावाच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकावर साल घातलेलं.

आता माझं म्हणणं. 'मला वाचता येत नाही' आणि 'हे कोरं आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. यंत्राला कळलं होतं ते फक्त पहिलं. पण त्याने प्रश्न असा विचारला, की ऐकणाऱ्याला दुसरंच ऐकू यावं. खरं तर त्या चौकटीत लिहायला हवं, 'ही आखणी माझ्या ओळखीची नाही. कदाचित दुसऱ्या पद्धतीच्या कॉम्प्युटरवर वापरली असेल. आधी तिथे लावून बघा.' एवढं लिहायला कितीशी जागा लागते?

पण यंत्राला एकट्याला दोष देऊन मला मोकळं होता येत नाही. आमच्या घरात आजोबांच्या मोडी कागदांचं एक बाड होतं. माळ्यावर धूळ खात पडलेलं. घरात कुणालाच मोडी येत नव्हती, आणि घराला रंग काढला तेव्हा ते बाड रद्दीत गेलं. देताना मी तिथे होते. त्यात जमिनीचे व्यवहार होते, पत्रं होती, की नुसता किराण्याचा हिशेब, आता कधीच कळणार नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातही मोडीचे रुमालच्या रुमाल आहेत. तिथे मोडी वाचणारी माणसं बसली, म्हणून तर रियासतकार सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. आम्ही मात्र रद्दीवाल्याला बोलावलं.

फॉरमॅट वाईट आहे असं मी म्हणत नाही. परवाच मी नवी डिस्क आणली आणि स्वतःच्या हाताने फॉरमॅट केली. आखणी एक्सफॅट निवडली, ती विंडोज, मॅक आणि हल्लीचं लिनक्स, तिघांनाही वाचता-लिहिता येते. जुन्या एफएटी३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल राहत नाही, म्हणून ती घेतली नाही. सगळं त्यावर उतरवलं, आणखी एक प्रत भाच्याकडे पाठवली. काढताना आधी 'सेफली रिमूव्ह' करते, कारण कधी कधी लिहिणं अजून पुरं झालेलं नसतं आणि आपण केबल ओढून मोकळे होतो.

आणि कुणी त्या चौकटीला हो म्हणून बसलंच असेल, तर त्यावर पुढे काहीही लिहू नका. क्विक फॉरमॅटमध्ये बहुधा अनुक्रमणिकाच नवी होते. फिरत्या चकतीच्या डिस्कवर जुना मजकूर पुष्कळदा तसाच असतो. जाणकाराकडे न्या.

असो. रविवारी भावजयीला बोलावून ओव्या लावल्या. जात्याची घरघर, आईचा आवाज. एक ओवी संपली आणि मध्येच भाऊ म्हणाला, "आई, पुढची." तो आवाज यात असेल, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं.