झोपेच्या साथीची टिपणे

१९१६-१७च्या हिवाळ्यात व्हिएन्नातील वाग्नर-याउरेग यांच्या क्लिनिकमध्ये कोणत्याच निदानात न बसणारे रुग्ण येऊ लागले. कुणी जेवताजेवता झोपी जाई, हलवले की जागा होऊन नीट उत्तर देई आणि पुन्हा झोपे. कुणाच्या पापण्या लोंबत. कुणाचा तर रात्रंदिवस डोळ्याला डोळा लागत नसे. तिथलेच मेंदूविकारतज्ज्ञ कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी १९१७मध्ये या आजाराला ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ हे नाव दिले. त्याच वर्षीच्या वसंतात फ्रान्समध्ये क्रुशे यांनीही असे रुग्ण नोंदवले. पुढची दहाएक वर्षे ही साथ जगभर फिरली आणि ओसरली. वाचलेल्यांपैकी अनेकांना कालांतराने पार्किन्सनचा ताठरपणा आला. त्यांतल्याच काहींना मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी १९६९मध्ये लेव्होडोपा हे औषध दिले.

कारण अजून हाती लागलेले नाही. १९१८च्या इन्फ्लुएन्झाकडे बोट दाखवले जाते, पण व्हिएन्नातले पहिले रुग्ण त्याआधीचे आहेत. जपून ठेवलेल्या मेंदूच्या तुकड्यांत इन्फ्लुएन्झाचा आरएनए सापडला नाही. अर्थात, मेणात दशकानुदशके राहिलेल्या ऊतींत आरएनए टिकतोच असे नाही, त्यामुळे या निष्कर्षावर फार भार टाकू नये. २००४मध्ये अशाच लक्षणांच्या २० रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतल्या बहुतेकांत बेसल गँग्लियाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. आम्हाला हा धागा अधिक आश्वासक वाटतो.

तरीही फॉन इकोनोमो यांचे काम वाया गेले नाही, कारण त्यांनी प्रत्येक रुग्णाची झोप बारकाईने टिपली आणि ती शवविच्छेदनाशी ताडून पाहिली. अतिझोपेच्या रुग्णांत इजा हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात आणि मध्यमेंदूच्या सांध्यावर होती. निद्रानाशाच्या रुग्णांत ती पुढच्या भागात. जागे ठेवणारे आणि झोपवणारे केंद्र वेगळे असावे, हा त्यांचा तर्क १९९०च्या दशकात प्राण्यांवरील प्रयोगांनी उचलून धरला. कारणाचा पत्ता नसताना केवळ खाटेशेजारच्या निरीक्षणातून आणि शवविच्छेदनातून हे साधले.

आपल्याकडेही तीव्र मेंदूज्वराच्या कित्येक रुग्णांच्या केसपेपरवर शेवटी ‘कारण अज्ञात’ एवढेच उरते. अशा प्रत्येक रुग्णाची झोप, डोळ्यांच्या हालचाली आणि वागणुकीतले बदल तारीखवार लिहा. मणक्यातील पाण्याचा आणि सीरमचा थोडा अंश उणे ७० अंशांवर राखा. ती सोय नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाकडे लगेच पाठवा. आणि रुग्ण दगावल्यास, कितीही जड वाटले तरी, नातेवाइकांकडे शवविच्छेदनाची परवानगी मागा.