आडव्या बाटलीला निम्म्याची अट

आमदार, खासदार वा सरपंच निवडून देण्यापलीकडे एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर मतपत्रिकेद्वारे थेट कौल देण्याची संधी भारतीय मतदाराला क्वचितच लाभते. स्वित्झर्लंडमध्ये किंवा अमेरिकेच्या काही राज्यांत करापासून धरणापर्यंतचे प्रश्न मतदारांपुढे ठेवले जातात. महाराष्ट्रातील खेड्यात राहणाऱ्या स्त्रीच्या हाती असे एकच साधन आहे, आणि ते म्हणजे गावातील परवानाधारक दारूचे दुकान बंद करण्यासाठीचे मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळावे अशी ही चिन्हे आहेत, आणि ती योजणाऱ्याला दाद दिली पाहिजे. परंतु या चिन्हांच्या मागे जो हिशेब दडलेला आहे, तो साक्षरांनाही सहसा ठाऊक नसतो.

२५ मार्च २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की तिची पडताळणी होऊन महिलांचे गुप्त मतदान घेतले जाते. दुकान बंद होण्यासाठी आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. ही निम्मी मते झालेल्या मतदानाच्या नव्हेत, तर यादीत नोंदलेल्या एकूण महिलांच्या निम्मी. समजा, एखाद्या गावात एक हजार महिला मतदार आहेत. त्यांपैकी सहाशे रांगेत उभ्या राहिल्या आणि चारशे ऐंशी जणींनी बाटली आडवी केली. विरोधात अवघी एकशे वीस मते. कोणत्याही निवडणुकीत यास प्रचंड विजय म्हटले गेले असते. येथे मात्र दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी उघडते.

हीच कसोटी लोकप्रतिनिधींना लावली तर काय दिसते? धाराशिव जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ओमराजे निंबाळकर सव्वातीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. (जिल्ह्याचे नाव बदलले तरी मतदारसंघाचे नाव अद्याप उस्मानाबादच होते.) इतका मोठा विजय मिळवूनही मतदारसंघातील एकूण नोंदलेल्या मतदारांच्या निम्मी मते त्यांच्या पदरात पडली नव्हती. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत परांड्यात तानाजी सावंत यांनी राहुल मोटे यांच्यावर सुमारे दीड हजार मतांनी मात केली आणि ते रीतसर आमदार झाले. यात त्यांचा काही दोष नाही. कायदाच तसा आहे. त्या निवडणुकीत राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. तेवढ्या मतदानात बाटलीची अट पुरी करायची तर उमेदवाराला झालेल्या मतांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक मते मिळवावी लागतील. या अटीवर विधानसभा भरवायची ठरवली, तर सभागृहातील बहुतेक बाके रिकामीच राहतील.

दुकानदाराच्या चरितार्थाचा प्रश्न आहे, मूठभर लोकांनी तो निकालात काढू नये, असा युक्तिवाद या अटीच्या बाजूने केला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. पण त्याहून कितीतरी गंभीर प्रश्न साध्या बहुमताने सुटले आहेत. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, हा प्रश्न ३४,०२१ मतांच्या फरकाने कायमचा निकालात निघाला. गैरहजर मतदारांची मते कोणा एका बाजूला मोजावीत, असे तेव्हा कोणाला सुचले नाही. एका प्रदेशाचे भवितव्य ज्या मोजमापाने ठरते, त्या मोजमापाने देशी दारूचे एक दुकान का ठरू नये?

या अटीचा सर्वांत कठोर फटका कोणाला बसतो, हे धाराशिवसारख्या जिल्ह्यात स्पष्ट दिसते. बालाघाटच्या कोरडवाहू पट्ट्यातून, भूम, वाशी, कळंब, परांडा या तालुक्यांतील गावांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवराबायकोच्या जोडीचा मिळून एक कोयता धरला जातो. पुढले पाच-सहा महिने त्यांचा मुक्काम सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात, पाचटाच्या कोपीत. या काळात गावात बाटलीचे मतदान लागले तर कोपीत भाकरी थापणाऱ्या त्या बाईचे मत दुकानाच्या बाजूने पडल्यासारखेच होते. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत तसेच राहिले असेल, तर तेही दुकानाच्या बाजूने. मरण पावलेल्या सासूचे नाव कमी व्हायचे राहिले असेल, तर ती म्हातारीसुद्धा दुकानाच्या बाजूने. उभ्या बाटलीला प्रचाराची गरज नाही. यादीतील ढिलाई आणि पोटासाठीची वणवण तिचे काम करतात. विधानसभेच्या मतदानाला तोडणीवरून मजूर आणण्यासाठी उमेदवारांच्या गाड्या धावतात. बाटलीच्या मतदानाला गाडी कोण पाठवणार?

आणि ती बाई जो ऊस तोडते, त्याचीच मळी आसवनीत जाऊन देशी दारू होते. कारखान्याच्या फडात तिच्या घामाने पिकवलेले हे चक्र तिच्याच गावच्या दुकानात येऊन पूर्ण होते आणि नवऱ्याच्या खिशातील उचल तेथेच रिकामी होते. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांचा जादा महसूल मिळवण्याचा निर्णय घेतला. ज्या तिजोरीतून लाडक्या बहिणींना महिना दीड हजार रुपये देण्याची योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली, त्याच तिजोरीत ही रक्कम जायची आहे. विधानसभेच्या मतपेटीत बहिणीचे मत निर्णायक आणि बाटलीच्या मतपेटीत मात्र ते अपुरे, या विसंगतीचा उलगडा बहुधा येथेच होतो.

मतदानाने दुकान बंद झाले म्हणजे गाव दारूमुक्त झाले, असा भ्रम बाळगण्याचे कारण नाही. परवाना गेल्यावर हातभट्टी आणि चोरटी विक्री डोके वर काढते आणि मग प्रश्न पोलिसांच्या इच्छेवर येऊन थांबतो. परवाने सरकारने वरून बंद करावेत, हाही त्यावरचा मार्ग नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. लागू करणारे आणि उठवणारे दोन्ही निर्णय मुंबईत झाले. मतपेटी कोठेही ठेवली गेली नाही. गावातील बायकांनी स्वतः रांगेत उभे राहून घेतलेल्या निर्णयाचे वजन वेगळे असते, कारण दुसऱ्या दिवशी भट्टी शोधायला निघणाऱ्याही त्याच असतात.

अट बदलण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. आदेश शासनाचा आहे आणि तो शासनालाच सुधारता येतो. झालेल्या मतांचे बहुमत पुरेसे मानावे. फारच भीती वाटत असेल तर किमान मतदानाची एखादी माफक मर्यादा घालावी. मतदानापूर्वी महिलांची यादी तपासून मयत आणि स्थलांतरित नावे वगळावीत. ऊसतोडीच्या गावांत मतदान टोळ्या परतल्यावर, म्हणजे उन्हाळ्यात घ्यावे. धाराशिव जिल्ह्यातून २०२४ मध्ये निवडून आलेले चार आमदार सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंचे आहेत, तेव्हा ही मागणी सभागृहात मांडायला कोणाच्याही पक्षाची अडचण असू नये. हिवाळी अधिवेशन नागपुरास भरेल, तेव्हा त्यांच्या मतदारसंघांतील हजारो स्त्रिया पश्चिम महाराष्ट्राच्या फडांत मोळ्या बांधत असतील.