सणाची सुटी आणि समुद्रकाठ

समुद्राकाठी जन्मलेल्या माणसास समुद्राचे नवल वाटत नाही. घाटमाथ्यावरचा मनुष्य मात्र त्याच्या दर्शनासाठी वर्षभर पैसा साठवितो. हवापालटासाठी किनाऱ्यावर जाण्याची चाल गोमंतकात कोलवा, कळंगुट येथे जुनीच आहे. परंतु ह्या चालीचा उत्कर्ष आणि अपकर्ष एकाच ठिकाणी पाहावयाचा असेल, तर इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्लॅकपूल नगराकडे दृष्टी वळविली पाहिजे. त्या नगराच्या भरभराटीमागे एक देवळाचा सण आहे, म्हणून ती हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

अठराव्या शतकात समुद्रस्नान हे श्रीमंतांचे औषध होते. १७५० साली डॉ. रिचर्ड रसेल ह्यांनी समुद्राच्या पाण्याचे गुण सांगणारा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढे उमराव मंडळी ब्रायटनला जाऊ लागली. गरिबाला समुद्र मिळाला तो आगगाडीमुळे व सणामुळे. लँकशर परगण्यातील गावे आपल्या देवळाचा सण आदल्या रात्री जागरण करून पाळीत. त्या जागरणावरूनच सणाच्या सुटीस ‘वेक्स’ हे नाव पडले. पुढे शेतांच्या जागी कापडाच्या गिरण्या आल्या, लोकांचे धर्माचारही पालटले. सुटी मात्र राहिली. त्या आठवड्यात गावच्या गिरण्या बंद राहत, यंत्रांची दुरुस्ती होई, आणि गावातील बहुतेक कुटुंबे ब्लॅकपूलची गाडी धरीत. आगगाडी तेथे १८४६ सालीच पोहोचली होती.

प्रत्येक गावाचा आठवडा निराळा असल्यामुळे उन्हाळाभर पाहुण्यांची रीघ लागे. सुटीचा पगार बहुधा मिळत नसे. म्हणून कामगार दर आठवड्यास थोडे थोडे पैसे मंडळीत जमा करीत. पुष्कळ घरांत पाहुण्याने बाजारातून जिन्नस आणून द्यावे आणि घरमालकिणीने ते शिजवून वाढावे, असा सरळ व्यवहार असे. १८७९ साली किनाऱ्यावर विजेचे आठ दिवे लागले आणि ते पाहावयास लोक लोटले. १८९४ साली ५१८ फूट उंचीचा मनोरा उभा राहिला.

त्याच सुमारास, १८९१ साली, पोप तेरावे लिओ ह्यांनी ‘रेरुम नोवारुम’ ह्या परिपत्रकात बजाविले की, कामगारास त्याच्या श्रमाच्या मानाने विसावा मिळालाच पाहिजे, आणि तो विसावा म्हणजे नुसता आळस नसून धर्माने पवित्र केलेला असावा. इंग्लंडात पगारी सुटीचा कायदा होण्यास १९३८ साल उजाडले.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या बंद पडत गेल्या. स्वस्त विमाने लोकांस स्पेनच्या उन्हात नेऊ लागली. पाहुण्यांच्या रिकाम्या खोल्यांत निराधार माणसे भाड्याने राहू लागली. ब्लॅकपूलला आजही लाखो लोक जातात. नगरपालिकेने २०१० साली मनोरा विकत घेतला. २०२४ साली करमणुकीच्या इतिहासाचे संग्रहालयही उघडले. तथापि २०१९ च्या सरकारी पाहणीत इंग्लंडातील सर्वांत वंचित नगर म्हणून ब्लॅकपूलचेच नाव आले. मनोरा झळकतो आहे, आणि त्याच्या सावलीतील घरांत दैन्य आहे!

ह्यावरून आम्हांस वाटते ते असे की, किनाऱ्याचा वारसा केवळ मनोऱ्यांत व जुन्या हॉटेलांत नसतो. श्रमणाऱ्याने शेजाऱ्यांसह घेतलेला विसावा, आणि त्याला जेऊ घालणाऱ्या घराची वर्षभराची भाकरी, हा खरा वारसा होय. पाहुणा चार दिवसांनी परत जातो. गावकऱ्यास पावसाळाही तेथेच काढावयाचा असतो. म्हणून किनाऱ्यावरील कुटुंबांनी घर व जमीन एका हंगामाच्या भावाकडे पाहून विकू नये, आणि मुलांच्या हाती पाहुण्यांवाचूनही चालेल असा एखादा धंदा असू द्यावा.

आणखी एक गोष्ट. आपल्या गावांतील कित्येक तरुण-तरुणी हॉटेलांत चाकरी करतात. नाताळ व ईस्टर हे तर हॉटेलवाल्यांच्या घाईचे दिवस. इतरांच्या विसाव्यासाठी ह्या मुलांची मिस्सा चुकते. त्यांच्यासाठी पाळी ठरवून द्यावी, हे मालकांस सांगण्याचा संकोच आईबापांनी का धरावा? थकलेल्या प्रेषितांस प्रभूने स्वतः एकांती विसावण्यास बोलाविले होते. ते आमंत्रण पाहुण्यास जसे आहे, तसेच त्याचे ताट उचलणाऱ्यासही आहे.